शासनपद्धती शिकवताना पहिला प्रश्न: कोण कोणाला घरी पाठवू शकतं?

विचारणा अशी आहे: आठवी-नववीच्या मुलांना 'संसदीय', 'अध्यक्षीय', 'संघराज्य', 'नागरिकत्व' या व्याख्या तोंडपाठ असतात, पेपरात त्या नीट उतरतातही. पण 'पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष यांत फरक काय?' असं उलटून विचारलं की वर्ग गप्प. हाताशी ४० मिनिटांच्या आठ तासिका आहेत. त्यांत काय करावं?

आधी शब्दांचा गुंता सोडवा. या विषयातला अर्धा गोंधळ मुलांच्या डोक्यात नसतो, तो मराठी शब्दांत असतो. 'अध्यक्ष' हा अमेरिकेचा असतो, लोकसभेचा असतो आणि पक्षाचाही असतो. तिघांचं काम पूर्ण वेगळं. भारताच्या पदाला आपण 'राष्ट्रपती' म्हणतो आणि फ्रान्सच्या पदाला 'राष्ट्राध्यक्ष', त्यामुळे मुलांना वाटतं की ही दोन पदं मुळातच वेगळ्या जातीची आहेत. 'राज्य' म्हणजे घटकराज्य आणि 'राज्य' म्हणजे राज्यसंस्था, दोन्ही एकाच शब्दात. फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहा आणि आठही तासिका पुसू नका: राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख, सभागृहाचा अध्यक्ष. कुठल्याही देशाचं नाव निघालं की पहिलं काम हेच, या तीन जागांवर कोण बसलंय ते भरायचं. ब्रिटनमध्ये तीन माणसं निघतात. अमेरिकेत दोन निघतात, कारण पहिल्या दोन जागांवर एकच व्यक्ती आहे. एवढ्यावरच मुलं कान टवकारतात.

आता मुख्य मुद्दा. पाठ्यपुस्तकं बहुधा 'कोण कोणाला निवडतं' यावरून पद्धती समजावतात. त्यापेक्षा 'मुदत संपण्याआधी कोण कोणाला काढू शकतं, आणि कोणत्या कारणासाठी' हा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा आहे. निवडण्याच्या रीती देशागणिक इतक्या बदलतात की त्यांवरून वर्गवारी लावायला गेलं की घोटाळा होतो. काढण्याची रीत मात्र पद्धतीचा सांगाडा लगेच उघडा करते.

वहीत आकृती काढायला लावा. चौकोनात मतदार, विधिमंडळ, शासनप्रमुख, राष्ट्रप्रमुख. ठळक बाण म्हणजे 'निवडतो किंवा नेमतो', तुटक बाण म्हणजे 'मुदतीआधी काढू शकतो'. प्रत्येक तुटक बाणावर कारण लिहिणं सक्तीचं: 'विश्वास उडाला' की 'गंभीर गैरवर्तन'. कारण न लिहिलेला बाण ग्राह्य धरू नका. मुलं नेमकी इथेच चुकतात: अविश्वास ठराव आणि महाभियोग या दोन्हींना 'काढून टाकणं' म्हणून एकाच पोत्यात घालतात. पहिल्यात नेत्याने काही चूक केली असण्याची गरज नसते, बहुमत गेलं एवढं पुरे. दुसऱ्यात आरोप असतो, सुनावणी असते आणि बहुधा साध्या बहुमतापेक्षा जास्त मतं लागतात.

हा फरक पक्का करायला एकेका मताचे तीन प्रसंग शेजारीशेजारी ठेवा. २८ मार्च १९७९ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभागृहात जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारवरचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा संमत झाला आणि निवडणूक घ्यावी लागली. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली, सरकार गेलं. आता तिसरा: १८६८ साली अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात सिनेटमध्ये ३५ जणांनी त्यांना दोषी ठरवलं, १९ जणांनी निर्दोष. दोनतृतीयांशासाठी ३६ हवी होती. जॉन्सन वाचले.

हे आकडे फळ्यावर लिहून फक्त एवढंच विचारा: 'पहिल्या दोघांच्या विरोधात जेमतेम निम्मे होते तरी ते गेले, तिसऱ्याच्या विरोधात जवळजवळ दोनतृतीयांश होते तरी तो राहिला. असं का?' वीस मिनिटं या एका प्रश्नाला द्या. उत्तर तुम्ही सांगू नका, बाणांच्या आकृतीतून त्यांना काढू द्या. जाता जाता एक गैरसमजही इथेच निस्तरता येतो. 'महाभियोग झाला' म्हणजे 'पद गेलं' असं मुलं धरून चालतात. अमेरिकेत प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं आणि निकाल सिनेट देतं. सिनेटने दोषी ठरवून आजवर एकाही अध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही. निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाचं मतदान होण्याआधीच राजीनामा दिला होता.

पुढच्या तासिकेला असे देश घ्या की जिथे पाठ केलेली व्याख्या तुटते. दक्षिण आफ्रिकेत 'राष्ट्राध्यक्ष' आहे, तोच राष्ट्रप्रमुख आणि तोच शासनप्रमुख. म्हणजे अध्यक्षीय पद्धत? बाण काढून पाहा: त्याला राष्ट्रीय सभा निवडते आणि तीच अविश्वास ठरावाने काढू शकते. नाव अध्यक्षाचं, सांगाडा संसदीय. स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचं संघीय मंडळ विधिमंडळच निवडतं, पण एकदा निवडलं की चार वर्षं त्याला अविश्वासाने काढता येत नाही. ठळक बाण आहे, तुटक बाण नाही. जर्मनीत तुटक बाणाला अट आहे: चॅन्सेलरला (तिथल्या शासनप्रमुखाला) काढायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असेच. 'नुसतं पाडायचं नाही, कोणाला आणणार ते आधी सांगा' ही अट कशासाठी घातली असेल, हे विचारलं की मुलं बरोबर अस्थिर सरकारांपर्यंत पोहोचतात. फ्रान्स सगळ्यात शेवटी ठेवा. तिथे राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडतात आणि पंतप्रधानाला तो नेमतो, पण पंतप्रधानाला राष्ट्रीय सभा पाडू शकते. दोघे विरोधी पक्षांचे असले तर काय होतं हे १९८६ ते ८८, १९९३ ते ९५ आणि १९९७ ते २००२ या काळात दिसलं. हा देश पहिल्या दिवशी घेतला तर आकृतीचा भाजीबाजार होतो.

सत्तेच्या तीन शाखांचे तीन स्वतंत्र खांब काढायची सवय असेल तर ती मोडा. हे चित्र अमेरिकेला बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथे काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या विधिमंडळाचा, सदस्य त्याच वेळी कार्यकारी पदावर राहू शकत नाही. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात, त्यामुळे पहिले दोन खांब एकमेकांत शिरलेले असतात. फळ्यावर तीन सुटे खांब पाहिलेल्या मुलाला 'मंत्री खासदारही कसा?' हा प्रश्न पडणारच.

राजेशाही आणि लोकशाही या दोन टोकांची जोडी लावू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत: राष्ट्रप्रमुख वारशाने येतो का, आणि सत्ताधाऱ्यांना मतदार बदलू शकतात का. चार घरांचा तक्ता काढला की जपान आणि स्वीडन एका घरात, जर्मनी दुसऱ्या, सौदी अरेबिया तिसऱ्या आणि उत्तर कोरिया चौथ्या घरात पडतो. शेवटच्या देशाच्या अधिकृत नावात 'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही शब्द आहेत, हे आवर्जून दाखवा. दहा मिनिटांत होतं, रेंगाळायची गरज नाही.

संघराज्यालाही अशीच एक कसोटी पुरते: केंद्र एकट्याने साधा कायदा करून खालच्या सरकारचे अधिकार काढून घेऊ शकतं का? ब्रिटिश संसदेने उत्तर आयर्लंडची संसद १९७२ मध्ये स्थगित केली आणि १९७३ मध्ये कायद्याने रद्द केली. जर्मनीच्या १६ घटकराज्यांबाबत असं करता येत नाही. संघराज्याची रचना घटनादुरुस्तीनेही मोडता येणार नाही, असं तिथली घटनाच म्हणते. भारत मध्ये कुठेतरी बसतो: राज्यांचे विषय घटनेने वाटून दिलेत, पण कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते. 'संघराज्य की एकात्म (सगळी सत्ता शेवटी केंद्राकडे)' याला नेहमी हो-नाहीत उत्तर नसतं, हे मुलांना आत्ताच कळलेलं बरं.

आता निवडणूक. या भागाला दोन तासिका द्याच, कारण 'जास्त मतं ज्याला तो जिंकतो' यापलीकडे मुलं गेलेली नसतात. एक प्रयोग इथे हमखास चालतो. ४० मुलांच्या वर्गासाठी तीन रंगांची ४० कार्डं करा. विषय निरुपद्रवी ठेवा: आठवड्यातली एक जादा तासिका कशाला द्यायची? पर्याय तीन, खेळ, चित्रकला, नाटक. कार्डांवर पसंतीक्रम आधीच छापलेला असतो:

१६ कार्डं: १) खेळ २) चित्रकला ३) नाटक
१३ कार्डं: १) नाटक २) चित्रकला ३) खेळ
११ कार्डं: १) चित्रकला २) नाटक ३) खेळ

पहिली फेरी: फक्त पहिल्या पसंतीला हात वर. खेळ १६, नाटक १३, चित्रकला ११. खेळ जिंकला. फळ्यावर लिहा आणि थांबा. कोणीतरी म्हणेलच, 'पण २४ जणांना खेळ शेवटचा हवाय.' दुसरी फेरी: सर्वांत मागे राहिलेली चित्रकला बाद, तिच्या ११ जणांनी दुसऱ्या पसंतीला मत द्यायचं. नाटक २४, खेळ १६. नाटक जिंकलं. तिसरी फेरी: पर्यायांच्या जोड्या लावा. चित्रकला विरुद्ध खेळ, २४ विरुद्ध १६. चित्रकला विरुद्ध नाटक, २७ विरुद्ध १३. म्हणजे समोरासमोर चित्रकला दोघांनाही हरवते, आणि पहिल्या फेरीत तीच सगळ्यात मागे होती. एकही मत बदललेलं नाही, मोजण्याचा नियम तेवढा बदलला आणि तीन वेगळे विजेते निघाले. गुण देऊनही मोजता येतं (पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०): चित्रकला ५१, नाटक ३७, खेळ ३२.

हा प्रयोग बिघडतो तो दोन ठिकाणी. मुलांची खरी पसंती घेतली तर बहुतेक वेळा एकच पर्याय सगळ्या पद्धतींत जिंकतो आणि धडा तिथेच संपतो. म्हणून कार्डं आधी छापलेलीच हवीत. दुसरं, दुसऱ्या फेरीला मुलं कार्ड बाजूला ठेवून स्वतःच्या आवडीला हात वर करतात आणि बेरीज ४० येत नाही. प्रत्येक फेरीला बेरीज मोठ्याने करायला लावा, लगेच पकडलं जातं. पट ४० चा नसेल तर गटांतलं प्रमाण साधारण हेच ठेवा, पण वर्गात नेण्याआधी तिन्ही फेऱ्या कागदावर करून बघा. प्रयोगानंतर 'मग बरोबर पद्धत कोणती?' हा प्रश्न येतो. घाईने उत्तर देऊ नका. कोणत्या पद्धतीत कोणाचा तोटा होतो, हे त्यांनी लिहावं.

मतांवरून जागा कशा ठरतात ते दाखवायला पाच बाय पाचची चौकट घ्या: डावीकडचे तीन उभे रकाने पिवळे, उजवीकडचे दोन हिरवे. म्हणजे १५ पिवळे, १० हिरवे. आता पाच घरांचा एक असे पाच मतदारसंघ पाडायचे, घरं एकमेकांना लागून हवीत. आडवे पट्टे पाडले तर पिवळे ५-० ने जिंकतात. उभे पाडले तर ३-२. वाकडेतिकडे पाडून हिरव्यांना ३-२ ने जिंकवता येतं का, हे कोडं गृहपाठाला द्या. येतं. युक्ती अशी: तीन मतदारसंघांत हिरवे ३ आणि पिवळे २ ठेवायचे, उरलेल्या दोनांत पिवळ्यांची गर्दी करायची. सोडवलेली एक चौकट तयार ठेवा, कारण मुलं घरं तोडून जोडतात आणि उत्तर आलं म्हणून सांगतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या १८१२ च्या नकाशावरून या खेळाला 'गेरीमँडरिंग' नाव पडलं.

अभिरूप संसदेबद्दल थोडं कडक बोलायला हवं. बहुतेक शाळांत ते नाटक होतं: भाषणं पाठ, टाळ्या ठरलेल्या, निकाल आधीच माहीत. त्याऐवजी आकड्यांची कोंडी द्या. १०० जागांचं सभागृह, चार पक्ष: ४२, ३१, १९, ८. बहुमताला ५१. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाला एका कार्डावर तीन मागण्या द्या, त्यातली एक 'कधीच सोडायची नाही' अशी खूण केलेली. बोलणीला १२ मिनिटं, करार लेखी. गंमत बेरजेत आहे: ४२ आणि ८ मिळून ५०, एकने कमी. ३१ आणि १९ मिळूनही ५०. म्हणजे ८ जागांच्या पक्षाला मोठ्या पक्षाच्या दृष्टीने किंमत नाही, पण मोठ्याला वगळून सरकार करायचं तर त्याच्यावाचून होत नाही. हे मुलांना पाचव्या-सहाव्या मिनिटाला उमगतं आणि मग आठवाल्या गटाचा भाव वधारतो. करार झाला की एक गट बाहेर काढा आणि अविश्वास ठराव आणा. आधीचा बाण इथे जिवंत होतो. वेळ संपूनही करार झाला नाही तर प्रयोग फसला असं समजू नका. बेल्जियममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर नवं सरकार यायला ५४१ दिवस लागले होते.

हयात नेते आणि चालू वाद पहिल्या चार तासिकांत आणू नका. मुलं घरची बाजू घेऊन बोलू लागतात आणि रचनेवरचं लक्ष उडतं. जुनी, संपलेली किंवा दूरची प्रकरणं घेऊन आकृती पक्की झाली की मग आजची बातमी आणा, आणि प्रश्न एकच ठेवा: या बातमीत कोणता बाण वापरला गेला?

नागरिकत्वाचा धडा हमखास 'कचरा टाकू नये, रांगेत उभं राहावं' इथे घसरतो. चांगल्या वागणुकीची यादी म्हणजे नागरिकत्व नव्हे. रांगेत तर परदेशी पाहुणाही उभा राहतो. तीन गोष्टी वेगळ्या करा: कायदेशीर दर्जा, हक्क, सहभाग.

दर्जासाठी दोन काल्पनिक देश पुरेत. 'अ' देशाचा नियम: जो इथे जन्मला तो नागरिक, बाकी काही पाहत नाही. 'ब' देशाचा नियम: आईवडील आमचे तर मूल आमचं, जन्म कुठेही होवो. आता 'ब'च्या जोडप्याला 'अ'मध्ये मूल झालं: दोन नागरिकत्वं. 'अ'च्या जोडप्याला 'ब'मध्ये झालं: एकही नाही. मुलं दोन मिनिटं गप्प होतात, मग विचारतात, 'त्याला पासपोर्ट कोण देणार?' राज्यविहीन व्यक्ती म्हणजे काय हे आता सांगितलं तर डोक्यात बसतं. असे प्रसंग टाळण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १९६१ चा करार आहे. प्रत्यक्षात बहुतेक देश दोन्ही नियमांची सरमिसळ करतात आणि काळानुसार बदलतातही. भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मस्थान जवळपास पुरेसं होतं. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक भारतीय असणं लागू लागलं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली.

हक्कांची यादी वाचण्याऐवजी एक चाळणी लावा: हा हक्क प्रत्येक 'व्यक्ती'ला आहे की फक्त 'नागरिका'ला? भारताच्या संविधानात कलम १४ आणि २१ कोणत्याही व्यक्तीला लागू आहेत, कलम १५, १६ आणि १९ नागरिकांना. मूळ मजकूर समोर ठेवून मुलांनी नेमका तो शब्द अधोरेखित करावा. कायदा शब्दाशब्दाने वाचायची ही त्यांची पहिली वेळ असते, म्हणून घाई नको.

सहभागाचं मोजमाप मतदानाच्या वयाशी बांधलं की चौदा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपला संबंध अजून चार वर्षांनी. त्यांना एक काम पूर्ण तडीस न्यायला द्या: शाळेच्या परिसरातली एक अडचण निवडून योग्य ठिकाणी अर्ज. वेळ जातो तो 'योग्य ठिकाण' शोधण्यात, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. मुलं थेट सर्वोच्च पदाला पत्र लिहितात. आधी बारा अडचणींच्या चिठ्ठ्या करून 'हा निर्णय कोणत्या पातळीवर होतो' याप्रमाणे लावायला द्या. दोन-तीन चिठ्ठ्या मुद्दाम अशा ठेवा की दोन पातळ्यांत अडकतील. अर्जाला पाच ओळी पुरतात: अडचण काय, नेमकी कुठे आणि कधीपासून, ती तुमच्या अखत्यारीत कोणत्या नियमाने येते, आम्हाला काय हवं, उत्तर कधीपर्यंत अपेक्षित. 'कृपया लक्ष घालावे' एवढ्यावर संपणारा अर्ज परत द्या, त्याला 'लक्ष घातले' एवढंच उत्तर येऊ शकतं. पोच घेतलेली प्रत वर्गात लावा आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्राची तारीख त्याच कागदावर लिहा.

परीक्षेत व्याख्या विचारल्या तर मुलं पुन्हा व्याख्याच पाठ करतील, वर्गात काहीही केलेलं असो. न ऐकलेल्या देशाचा परिच्छेद द्या. उदाहरणार्थ: 'क्ष देशात राणी राष्ट्रप्रमुख आहे. विधिमंडळात १२० जागा आहेत. पंतप्रधानाच्या पक्षाला ५५ आणि मित्रपक्षाला ९ जागा आहेत. मित्रपक्षाने पाठिंबा काढला आणि तो विरोधात मत देणार आहे. देशाच्या घटनेनुसार अविश्वास ठरावात नव्या पंतप्रधानाचं नाव असलंच पाहिजे. विरोधकांचे तीन गट एका नावावर सहमत नाहीत. पंतप्रधान पदावर राहील का? आकृती काढून कारण द्या.' पाच गुण असे वाटा: बेरजेला एक, तुटक बाण आणि त्यावरच्या कारणाला दोन, नव्या नावाची अट ओळखण्याला दोन. जो मुलगा '५५ म्हणजे निम्म्याहून कमी, सरकार गेलं' एवढं लिहून थांबतो त्याला बेरजेचा एक गुण मिळतो. राणी मध्ये पडून सरकार वाचवेल असं लिहिणारेही निघतील. त्यांना कोपऱ्यातल्या तीन शब्दांकडे परत न्या.